समोरच्या काठावर कोण राहायचं?

बडोद्याला जायचं मी बरीच वर्षं टाळलं. शहराबद्दल तक्रार असायचं कारण नव्हतं, ते मी पाहिलंच नव्हतं. तक्रार होती तिथे राहणाऱ्या वैदेहीबद्दल. पुण्यात वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहिलो, एकाच विषयात एम.ए. केलं, एकीच्या बाटलीतलं तेल दुसरीनं डोक्याला लावलं. पुढे तिनं धरणानं उठवलेल्या माणसांवर पुस्तक लिहिलं आणि तिचं नाव झालं. धरणानं उठवलेली होते मी. माझ्या वडिलांचं गाव साताऱ्याकडच्या एका खोऱ्यात पाण्याखाली गेलं, आमचं घर माळावरच्या वसाहतीत आलं आणि मी त्याच वसाहतीतल्या पत्र्याच्या शाळेत शिकले. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, असं आपल्याकडे म्हणतात. मला कळत होतं सगळं, पुस्तक मात्र तिचं निघालं.

मीही याच विषयात काम करते. देशाची सीमा ओलांडून गेलेल्याला जग निर्वासित म्हणतं, त्याची दखल घेतं. देशातल्या देशात जो उठवला जातो तो नुसता पत्ता बदललेला माणूस असतो, आणि अशा माणसांमागे मी आयुष्यभर हिंडले आहे. माझे लेख छापून येतात. लोक ते वाचतात आणि मला विचारतात, "वैदेहीताईंचं पुस्तक वाचलं असेलच तुम्ही?" हो, वाचलंय. दोनदा. चुका सापडतात का ते बघायला दुसऱ्यांदा.

त्या पुस्तकाचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. नर्मदेच्या दोन काठांवरची दोन बुडालेली गावं, खडकदा आणि आंबलिया, बडोद्याजवळ डभोईच्या पुढे एकाच वसाहतीत आणून बसवली, आणि एका पिढीत त्या दोहोंचं मिळून एक गाव झालं. माणसं उठवली तरी पुन्हा गाव उभं करतात, असा त्या पुस्तकाचा धीर देणारा सूर आहे. आमच्या वसाहतीत मला असं काही झालेलं दिसलं नव्हतं, त्यामुळे तो सूर माझ्या कानाला नेहमीच जरा गोड लागायचा. यंदा तिनं विद्यार्थ्यांशी बोलायला बोलावलं, आणि म्हणाली, "वसाहतीत पण नेते तुला. बुधीफोईंना भेट ने एकदा." तिचा 'ना' बडोद्याचा, म्हणून 'ने'. मी हो म्हणून टाकलं. एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघावं तरी, असं वाटलं.

सुभानपुरा

वैदेही स्टेशनवर स्कूटर घेऊन आली होती. केस पूर्ण पांढरे झालेले, रंगवलेले नाहीत, आणि तरी चांगले दिसत होते. मी महिन्याला मेंदी लावते आणि कपाळ नारिंगी करून घेते. आल्या आल्याच मन असं मोजमाप करायला लागल्यावर पुढचे दिवस कसे जाणार ते मला दिसलंच.

"आधी सेव-उसळ, आंघोळ पछी," असं म्हणून तिनं स्कूटर एका लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी, थांबवली. गुजरातेत सगळं गोड असतं, हे आम्हा सातारकरांना कोणी सांगून ठेवलंय देव जाणे. मी तर्री घरचीच असल्यासारखी वाटीभर ओतून घेतली. लारीवाला वैदेहीकडे बघून म्हणाला, "बेन, मेमानने केजो, तीखुं छे." पाहुणीला सांगा, तिखट आहे. मी हात उडवला. तिसऱ्या घासाला उचकी लागली ती जायचं नाव घेईना. त्यानं न सांगता छासचा ग्लास पुढे केला आणि पैसे घ्यायला तयार होईना, कारण मी वैदेहीबेनची पाहुणी. म्हणजे माझी उचकीसुद्धा तिच्या खात्यावर गेली.

घर तिसऱ्या मजल्यावर. दिवाणखान्याच्या मधोमध झोपाळा, आणि त्या घरातली सगळी मोठी बोलणी त्या झोपाळ्यावरच होतात. आमच्याकडे झोपाळा मुलांसाठी असतो, मोठं माणूस बसलं तर लोक विचारतात, बरं आहे ना? तिचे यजमान नंदेसरीला रसायनांच्या कारखान्यात आहेत. संध्याकाळी आले ते आधी बाहेरच्या मोरीत हातपाय धुऊन, शर्ट बादलीत टाकून मगच आत आले. जेवायला भाखरी, बटाट्याचं शाक, गूळ घातलेलं वरण. वाढता वाढता ते म्हणाले, "शालनताई, वैदेहीच्या पुस्तकाची सुरुवात तुमच्या घरापासून झाली, ती नेहमी सांगते हं." मला वाटलं, पाहुण्याला बरं वाटावं म्हणून बोलतात. मी वरणातल्या गुळाचं कौतुक केलं आणि विषय सोडला.

नागरवाडा

दुसऱ्या दिवशी विद्यापीठात जाण्याआधी तिला माहेरी भावाकडे डबा द्यायचा होता. नागरवाड्यातल्या गल्लीतून चालायला आम्हाला जितका वेळ लागला तितक्यात मी आमचं अख्खं तालुक्याचं गाव फिरून येते. पानवाला, इस्त्रीवाला, समोरच्या ओट्यावर भाजी निवडणारी बाई, प्रत्येकाला थांबून उत्तर द्यायचं. "केम छो बेन, घणा दिवसे?" "गुडघो केवो छे?" गुडघा कुणाचा, तर तिच्या वहिनीचा. मराठीत सुरू झालेलं वाक्य गुजरातीत संपायचं आणि कुणालाच त्याचं काही वाटायचं नाही. तिचे पूर्वज राजाच्या दफ्तरात कारकून म्हणून आले, ते पिढ्यान् पिढ्या इथेच राहिले. ज्या दगडी पायरीवर तिचा दुधाचा दात पडला ती पायरी तिनं मला दाखवली. माझा दात पडला ती जागा आता एका ठेकेदाराचं गोदाम आहे.

"आम्ही पण मूळचे तुमच्या सातारकडचेच ने," ती म्हणाली.

"नोकरी धरून येणं आणि उठवून आणलेलं असणं एकच का?" मी जरा फणकाऱ्यानं विचारलं.

"नाही ने. म्हणून तर विचारत फिरते सगळ्यांना," ती म्हणाली आणि माझा हात धरून रस्ता ओलांडला. तिच्याशी भांडता येत नाही, ही माझी तिच्याबद्दलची सगळ्यात जुनी तक्रार आहे. तिच्या जागी मी असते तर निदान दोन वाक्यं तरी ऐकवली असती.

विद्यापीठात तिनं माझी ओळख करून दिली. माझे लेख, माझं काम, सगळं नीट सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "आणि शालनताई स्वतः धरणग्रस्त कुटुंबातल्या आहेत." झालं. पुढे तासभर मुलांनी माझ्या लेखांबद्दल एक प्रश्न विचारला नाही. घर सोडताना वडील रडले का, आजीनं बरोबर काय आणलं, तुम्हाला लहानपणी काय वाटायचं. मुलं चांगली होती, डोळ्यांत खरी आस्था होती. पण मला कुणी काचेच्या कपाटात ठेवल्यासारखं झालं. एकाच टेबलामागे आम्ही दोघी बसलो होतो, ती अभ्यासक आणि मी अभ्यासाचा विषय. वडील रडले का, याचं उत्तर मला देता आलं नाही, कारण ते त्या गावाबद्दल घरात बोलतच नसत.

संध्याकाळी झोपाळ्यावर बसलो असताना वसाहतीतून बुधीफोईंचा फोन आला. फोई म्हणजे आत्या. त्यांच्या भावाची नात सविता, अंगणवाडीत काम करते. तिला वसाहतीतल्याच नरेशशी लग्न करायचंय. पोरगा बरा, ट्रॅक्टर दुरुस्त करतो, दोन्ही घरं राजी. पण वसाहतीतल्या वडीलधाऱ्यांनी हरकत घेतली होती आणि उद्या त्यावर बैठक होती. वैदेहीनं यावं, असं फोईंचं म्हणणं होतं.

"हरकत कसली?" मी विचारलं.

"त्यांच्यात गावातल्या गावात सोयरीक होत नाही. गावातली पोर ती बहीण."

आपल्याकडे देवक बघतात, कुळी बघतात. त्यांच्यात गाव बघतात. हे मला पुस्तकावरून माहीत होतं. सविता खडकद्याच्या माणसांची, नरेश आंबलियाच्या. नदीकाठी असते तर दोन गावं, दोन काठ, लग्न राजरोस झालं असतं, तशी शेकड्यांनी झाली होती. पण वसाहत हे एक गाव धरलं तर दोघं बहीणभाऊ.

मी झोपाळ्यावरून खाली पाय टेकले. तिच्या पुस्तकातलं ते वाक्य आम्हा दोघींनाही त्याच क्षणी आठवलं असणार.

"म्हणजे तुझं पुस्तक खरं असेल तर पोरीचं लग्न मोडणार," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "आणि ते पुस्तक त्यांच्या शाळेतल्या कपाटात आहे. मीच दिलंय."

मला आनंद झाला. लपवून काय उपयोग, प्रवासवर्णनात खरं लिहावं. पोरीसाठी वाईट वाटलं आणि त्याच वेळी पोटात एक गुदगुली झाली. इतकी वर्षं चुका शोधत होते, त्यातली एक स्वतःच्या पायांनी चालत आली होती.

वसाहत

डभोई सोडल्यावर कपाशी आणि तुरीची शेतं लागतात, मधून मधून केळीची. वसाहत लांबूनच ओळखू येते. सरकारी आखणीचे सरळ रस्ते, एकसारखी घरं, आणि त्या सरळपणावर माणसांनी हळूहळू चढवलेले कुडाचे आडोसे, मक्याची कणसं टांगलेल्या ओसऱ्या, कोंबड्यांची खुराडी. आमच्या वसाहतीत असले आडोसे उभेच राहिले नाहीत. आमची माणसं मुंबईला गेली.

बुधीफोई दारातच उभ्या होत्या. वाळलेल्या अंगाच्या, कपाळावर हिरवं गोंदण, हातात चांदीचं जाडजूड कडं. त्यांनी वैदेहीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मला मात्र "आवो बेन, बेसो," एवढंच. मक्याचा रोटला, उडदाची डाळ आणि लसणाची चटणी. रोटला थापायची तऱ्हा आपल्या भाकरीसारखीच, फक्त खाली पळसाचं पान. सविता वाढत होती. अंगानं उंच, हसरी, पण वाढताना एकदाही कुणाच्या डोळ्यांत बघत नव्हती. मी चटणी या खेपेला नखाएवढीच घेतली.

"दोन्ही गावं तुमचीच ना, फोई?" वैदेहीनं मला कळावं म्हणून मुद्दाम विचारलं.

फोई हसल्या. त्यांच्या बोलण्याचं मराठी वैदेही माझ्या कानाशी करत होती, आणि मला ते आवडत नव्हतं, कारण अर्ध्याहून जास्त मलाही समजत होतं. फोई जन्मल्या खडकद्यात, नांदल्या समोरच्या काठाला आंबलियात. "पहिले होडीत बसून माहेरी जावं लागायचं," त्या म्हणाल्या. "आता सासर-माहेर एकाच नळावर पाणी भरतं. भांडण झालं तर रुसून जाऊ कुठं?"

बैठक लिंबाखाली भरली. पुरुष पुढे, बायका मागच्या ओट्यावर. मथुरभाई हे तिथले वडीलधारे, थकलेले पण ताठ. आधी तेच बोलले. नळ एक, शाळा एक, स्मशान एक, गामदेवाचा दगड दोन्हीकडच्या माणसांनी मिळून बसवला. इथे आलो तेव्हा मेलेल्याला खांदा द्यायला चार माणसं एका गावातून मिळत नव्हती, दोन दोन करून उचललं. "मग गाम एक छे के बे?" आणि मग ते वैदेहीकडे वळले. "बेन, तुम्हीच तर लिहिलंय."

वैदेहीची मान खाली होती. तिला असं कधी पाहिलं नव्हतं मी. "काका, मी लिहिलं ते मला त्या वेळी दिसलं तसं लिहिलं," ती म्हणाली. "तुम्ही एक झालात, याचा मला आनंद झाला होता. पोरीच्या आड येईल असं मनात आलं नाही. चूक असेल तर मी तसं लिहीन."

मग मथुरभाईंनी मला विचारलं. या मेमानचं गावही धरणात गेलंय ना? तिचं तर आपल्याआधी. मग तिनं सांगावं, किती वर्षांनी वसाहतीचं गाव होतं?

इतक्या माणसांसमोर वैदेहीला सोडून मला विचारलं गेलं होतं. मोडक्यातोडक्या हिंदीत, पण खणखणीत आवाजात मी सांगितलं. होत नाही. आमच्याकडे माझ्या पुढची पिढी वसाहतीत जन्मली, तरी गल्ल्यांना अजून बुडालेल्या गावांची नावं आहेत. माझे वडील आजारपणात दवाखान्यात पडून होते, तिथेही डॉक्टरांनी गाव विचारलं तर पाण्याखालचं नाव सांगत. सरकार घरं बांधतं, गाव बांधत नाही. दोन गावं ती दोनच राहतात. हे सगळं मी बोलत होते मथुरभाईंशी, बघत मात्र होते वैदेहीकडे. मागे ओट्यावर सविताची मान पहिल्यांदा वर आली. पोरीचं भलं होत होतं आणि वैदेहीचं पुस्तक पडत होतं. इतकं गोड मला बडोद्याच्या वरणातही काही लागलं नव्हतं.

मथुरभाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "खडकदा तर पाण्यात आहे. हे पण गाव नाही म्हणता. तर मग माझी नातवंडं कुठली?"

त्या म्हाताऱ्यानं रिकाम्या रानात परक्या माणसांना खांदेकरी करून एक गाव उभं केलं होतं, आणि मी पाहुणी येऊन, मैत्रिणीवरच्या रागापायी, ते नाहीच असं सांगून बसले होते. सविताची मान पुन्हा खाली गेली. माझ्या बोलण्यानं काही सुटलं नव्हतं, उलट माणसं आता आपसांत चढ्या आवाजात बोलायला लागली होती. वैदेहीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तो मी झटकला नाही, एवढंच.

तेवढ्यात बुधीफोई ओट्यावरून उतरून पुरुषांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. तिथे बायका येत नसाव्यात, कारण सगळे एकदम गप्प झाले. त्यांनी गाव एक की दोन हा विषयच काढला नाही. त्यांनी स्वतःच्या लग्नाचं सांगितलं. नवरीला होडीत बसवायचे. माहेरच्या बायका काठावर उभ्या राहून रडायच्या, नवरी होडीत रडायची. होडी नदीच्या मध्यावर आली की नाविक वल्हं थांबवायचा. नवरी मूठभर मका पाण्यात सोडायची आणि तिथे रडणं थांबवायची. मग समोरच्या काठावरच्या सासरच्या बायका गाणं धरायच्या. मध्यापर्यंत माहेर, मध्यापासून सासर.

"या गल्लीतून त्या गल्लीत गेली तर ही पोर रडणं कुठं थांबवील?" त्या म्हणाल्या. "तेवढंच अडलंय. नदी मधे पाहिजे. ती काय लांब आहे?" आणि त्यांनी कड्याचा हात शेतांपलीकडे केला.

तिकडे कालवा होता. धरणातून निघालेला, नर्मदेच्या पाण्याचा.

मथुरभाईंनी तिकडे बघितलं. "गाम तो एकज," ते शेवटी म्हणाले.

"एकच," फोई म्हणाल्या. "खडकदा या बाजूला, आंबलिया त्या बाजूला, मधे नदी. माझ्या लहानपणापासून बघतेय मी. तुझ्या आईची होडी पण तिथूनच आली होती."

मथुरभाई हसले की काय ते मला नीट दिसलं नाही, कारण त्यांनी डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसायला घेतलं. मग त्यांनी नरेशच्या बापाला विचारलं, पलीकडच्या काठाला मांडव घालायला कुणाचं शेत मिळेल.

कालवा

दुपारी आम्ही सगळ्याच बायका कालव्यावरचा पूल बघायला गेलो. कालवा चांगला रुंद, काठ सिमेंटचे आणि उतरते, पाणी वेगात. पुलाच्या मध्यावर फोईंनी उभं राहून दोन्हीकडे बघितलं, दोन पावलं पुढे सरकल्या आणि पाय आपटून जागा पक्की केली. सविता त्या जागी उभी राहिली आणि हसायला लागली, मग एकदम रडायला लागली. "हमणां नहीं," फोई म्हणाल्या, आत्ता नाही, आणि सगळ्या बायका खळखळून हसल्या.

मी कठड्यावरून वाकून पाणी बघत होते. एका पायातली चप्पल निसटली ती सरळ पाण्यात. डोळ्यांदेखत वाहत गेली. फोईंना भारी मजा वाटली. "नदीनं तुमचं पण घेतलं," त्या म्हणाल्या. मग माझ्याजवळ येऊन त्यांनी कठड्याला टेकत सहज विचारलं, जसं आपण एखादीला माहेर कुठलं विचारतो तसं, "बेन, तमारा गामनी सामे कोण रहेतुं हतुं?"

तुमच्या गावासमोर, नदीच्या पलीकडच्या काठाला कोण राहायचं?

मला माहीत नव्हतं. खोऱ्याचा नकाशा मला पाठ आहे. किती क्षेत्र बुडालं, माणसं कुठल्या कुठल्या जिल्ह्यांत पाठवली, ते मी झोपेतसुद्धा सांगेन. समोर कोण राहायचं, हे कुणी मला सांगितलं नव्हतं, आणि आता घरात सांगणारं कुणी उरलंही नव्हतं. मी मान हलवली. फोईंनी "अरेरे" केलं, खरंखुरं. इतका वेळ मी वैदेहीवर जळत होते, आता त्या पुलावर अनवाणी पायानं उभी राहून मी त्या सगळ्याजणींवरच जळायला लागले. त्यांचंही सगळं पाण्यात गेलं होतं. पण त्यांचे दोन्ही काठ एका ठिकाणी आले होते, आणि त्यांच्यात अजून एक बाई होती जिला समोरचं माणूस नावानिशी ठाऊक होतं.

फलाट

परतीच्या दिवशी वैदेही मला सोडायला आली. माझ्या पायांत तिच्या चपला होत्या, एक अंगठा मोठ्या. बाकावर बसल्यावर ती म्हणाली, "पुस्तकात बदल करते मी. पुढच्या आवृत्तीत तुझं नाव घालून लिहिते, शालननं माझी चूक दाखवली म्हणून."

"नको," मी म्हटलं. चूक कबूल करतानासुद्धा ती इतकी सहज दिसत होती की मला त्याचाही हेवा वाटला. मला अशी चूक कबूल करायला दहा पानं लागली असती, आणि त्यातली नऊ दुसऱ्याच्या चुकांवर गेली असती.

तिनं माझी पिशवी बाकाखाली सरकवली. मग म्हणाली, "काल पुलावर तू फोईंना उत्तर का नाही दिलंस?"

"माहीत नाही म्हणून."

"काय माहीत नाही?"

"समोर कोण राहायचं ते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "शालू, समोर काकांचं आजोळ होतं ने."

मला आधी ते समजलंच नाही. काका म्हणजे माझे वडील. वडिलांच्या मामाची माणसं मला ठाऊक होती, पार सोलापूरकडच्या एका वसाहतीत राहायची, एखाददुसऱ्या लग्नात भेटायची. ती मूळचीच तिकडची, असं मी आजवर धरून चालले होते. एका काठाला एका जिल्ह्यात टाकलं होतं आणि समोरच्या काठाला दुसऱ्या, हे इतक्या वर्षांच्या अभ्यासात माझ्या डोळ्यांसमोर होतं, फक्त त्या काठाला माझ्या आजीचं माहेर होतं हे नव्हतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"काकांनीच. ते वसतिगृहावर डबा घेऊन आले होते, तू तयार होत होतीस. मी विचारलं, तुमचं गाव कसं होतं, तर सांगत बसले. तेव्हाच माझ्या डोक्यात हा विषय बसला. तुला ठाऊक असेलच, असं वाटलं ने. तुझेच वडील."

घरच्यांना कोण सांगतं. घरच्यांना माहीतच असतं, असं सगळे धरून चालतात. माझ्या वडिलांनी आपलं गाव एका परक्या मुलीला वसतिगृहाच्या व्हरांड्यात सांगून टाकलं, आणि ती ते इतकी वर्षं जपून बसली. तिच्या यजमानांनी जेवताना सांगितलं होतं ते खरंच होतं. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम. पुस्तक तिचं, नाव तिचं, नागरवाड्याची ती पायरी तिची, तेवढं सगळं मी कसंबसं गिळलं असतं. माझ्या आजीचा काठही तिच्याकडे निघावा, हे अति होतं.

"काय सांगत होते?" मी विचारलं.

"उन्हाळ्यात नदी पोहून मामाकडे जायचे म्हणे. मामी नाचणीची आंबील द्यायची. अंगावरचे ओले कपडे परत येईपर्यंत वाळायचे नाहीत, मग तुझ्या आजीला कळायचं, आणि ती रागवायची नाही. ती त्या ओल्या सदऱ्याचा वास घ्यायची. माहेरच्या पाण्याचा वास येतो म्हणायची."

गाडी लागल्याची घोषणा गुजरातीत झाली, मग हिंदीत. वैदेहीनं माझी पिशवी उचलली. माझा तिच्यावरचा हेवा काही गेला नव्हता, चांगला टणक होऊन छातीत बसला होता. मी तिच्या हातातली पिशवी घेतली, खाली ठेवली आणि तिला पुन्हा बाकावर बसवलं.

"परत सांग," मी म्हटलं. "पहिल्यापासून."